पाच हजार शंभर किलोमीटर आणि एक तास

दोन शहरांमधलं अंतर दोऱ्याने मोजता येतं, हे माझं म्हणणं मी आजही मागे घेतलेलं नाही. दोरा पक्का हवा, पृथ्वी गोल हवी आणि मोजणाऱ्याचा हात थरथरता कामा नये. त्या दिवशी या तिन्ही गोष्टी जागच्या जागी होत्या. दोऱ्यात चूक नव्हती. चूक कुठे होती ते सांगतो, पण सावकाश सांगतो. एकदा सांगून टाकलं की मागे नुसती चूकच उरते.

आधी एक कबुली. आमच्या इमारतीत मी थापाड्या म्हणून प्रसिद्ध आहे. छत्तीस वर्षं मोजणी खात्यात काढली आणि तिथल्या माझ्या गोष्टी लोक निम्म्याने कमी करून ऐकतात. एक टेकडी मी मोजली तेव्हा ती दप्तरातल्या आकड्यापेक्षा वीतभर बुटकी भरली. साहेबांनी दप्तर बदललं नाही, टेकडीवर वीतभर माती टाकून घेतली. ही गोष्ट सांगितली की लोक एकमेकांकडे बघतात. बघू देत. माती मीच टाकली होती. पण आता जे सांगतोय त्यात थाप नाही. असती तर बरं झालं असतं.

आमच्या बाहेरच्या खोलीत दोन घड्याळं आहेत. एक आमचं आणि एक ताईचं. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. एकोणीस वर्षांपूर्वी, ऐन थंडीत, ती मुलीकडे परदेशी राहायला गेली. पोचल्याचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "तिकडे आत्ता किती वाजलेत?" ती म्हणाली, "साडेसात." आमच्याकडे बारा वाजले होते. त्याच दिवशी मी दुसरं घड्याळ आणलं, साडेचार तास मागे लावलं आणि पहिल्याच्या शेजारी टांगलं. तेव्हापासून जेवताना मी त्या घड्याळाकडे बघून म्हणायचो, "ताई आता उठली असेल." बायको म्हणायची, "उठू दे. तुम्ही आमटी घ्या."

दर रविवारी ताईच्या घड्याळात नऊ वाजले की मी फोन करायचो. जाताना तसं कबूल केलं होतं. एकोणीस वर्षांत एक रविवार चुकला नाही. भेट मात्र एकदाही झाली नाही. दर वर्षी मी पुढच्या वर्षी जाणार होतो. आधी नोकरी होती, मग गुडघे होते. सबबी मोजायला मात्र मी कधी दोरा काढला नाही.

यंदा मे महिन्यात ताईचाच फोन आला, तोही मधल्याच वारी. मी घाबरलो.

"काय रे टेपमास्तर," ती म्हणाली, "घाबरू नकोस, जिवंत आहे. आम्ही घर बदलतोय. जावयाची बदली झाली, आणखी लांब. ती दोघं आधीच गेलीत, मी मागून जातेय. आणि ऐक, माझं विमान तुझ्या गावाला थांबतंय. तीन तास."

मी खुर्चीत बसलो.

"व्हीलचेअरवाल्यांना तासभर बाहेर सोडतात म्हणे," ताई सांगत होती. "उतरल्यावर बाहेर यायला अर्धा तास, आणि पुढच्या विमानाच्या दीड तास आधी परत आत. मधला एक तास आपला. डॉक्टर म्हणालाय, हा प्रवास शेवटचा. तेव्हा येशील ना?"

"येशील ना काय विचारतेस?"

"इथून सकाळी साडेसहाला सुटतं. तुझी भाची तुला तिकिटाचा फोटो पाठवेल, त्यात सगळ्या वेळा आहेत."

आणि इथे माझ्यातला मोजणीदार जागा झाला. मेलेला बरा होता.

"फोटो नको," मी म्हणालो. "तू साडेसहाला निघतेस एवढं पुरे. पुढचं मी काढतो."

ताई हसली. "काढ. लहानपणी माझी वेणी मोजायचास, आता विमान मोज."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खालच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाईंकडे गेलो. बाई निवृत्त आहेत, पण शाळेने निरोपाला दिलेला पृथ्वीचा गोल त्यांच्या टेबलावर अजून नोकरीत आहे. मी शिवणाचा दोरा विषुववृत्ताभोवती गुंडाळला आणि पट्टीला लावला. चौऱ्याण्णव सेंटिमीटर. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर. मग ताईच्या शहरावर एक टोक धरलं, आमच्या शहरावर दुसरं, आणि दोरा ताणला. बरोबर बारा सेंटिमीटर. गुणाकार भागाकार करून पाच हजार एकशे सहा किलोमीटर आले. वरचे सहा विमानाला वळायला सोडून दिले. तासाला साडेआठशेचा वेग धरला तर सहा तास.

"सहा तास," मी बाईंना म्हणालो. "ताईकडे सकाळचे साडेसहा म्हणजे आपले अकरा. अकरा आणि सहा, संध्याकाळचे पाच."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "काका, तिकडे उन्हाळ्यात काही ठिकाणी घड्याळं—"

"बाई," मी त्यांना थांबवलं, "मी त्या घड्याळाकडे एकोणीस वर्षं बघतोय."

बाई गप्प झाल्या. चाळीस वर्षं वर्गात बोललेली बाई एका वाक्यात गप्प झाली, याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता.

गणित सुरेख उतरलं होतं. इतकं सुरेख गणित वहीत डांबून ठेवणं मला जमलं नाही. मी ते मोठ्या अक्षरात लिहून, खाली सही करून, जिन्याजवळच्या सूचनाफलकावर लावलं. अंतर, वेग, वेळ, आगमन संध्याकाळी पाच. पाण्याची टाकी धुण्याची सूचना जरा बाजूला सरकवावी लागली. संध्याकाळपर्यंत त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'वारा धरलेला नाही.'

कुणीतरी म्हणजे वरच्या मजल्यावरचे हवामानवाले. हवामान खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ छत्री घेऊन निघाले की सगळी इमारत बिनछत्रीची बाहेर पडते.

"पाठीमागून वारा असतो त्या वाटेला," ते जिन्यात म्हणाले. "वीस मिनिटं तरी कमी करा."

"विमानाला धावपट्टीवर रांग लागते, तिथे ती वीस मिनिटं जातात."

"मग रांग धरली असं लिहा."

"मी लिहिणार नाही. तुम्ही तुमचा वारा पुसा."

त्यांनी पुसला नाही. आम्ही चार दिवस बोललो नाही. पाच हजार शंभर किलोमीटरवरची बहीण माझ्याकडे यायला निघाली होती आणि मी चौदा पायऱ्या वर राहणाऱ्या माणसाशी वाऱ्यावरून भांडत होतो.

बायको हे सगळं बघत होती. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, विमान कंपनीला एक फोन करून विचारा की. तोंड झिजतं का?"

"माझ्या गणितावर विश्वास नाही?"

"गणितावर आहे. विमानावर नाही."

हे उत्तर मला पटलं, म्हणून मी फोन केला. आधी एका रेकॉर्ड केलेल्या बाईने मला एक दाबायला सांगितलं, मग चार, मग पुन्हा एक. मधे त्यांनी इतका वेळ वाद्यसंगीत ऐकवलं की बायको चहा घेऊन आली, मी तो प्यायलो आणि ती कप घेऊन परतही गेली. शेवटी एक खराखुरा माणूस बोलला. आवाजावरून तरुण आणि दमलेला.

"संध्याकाळी चार वाजता, सर."

"चार नाही," मी म्हणालो. "पाच."

"सर, माझ्यासमोर चार दिसतंय."

"तुमच्यासमोर काय दिसतंय ते मला नका सांगू. अंतर पाच हजार शंभर किलोमीटर. बरोबर?"

"ते इथे नसतं, सर."

"वेळ सहा तास. तिकडचे सकाळचे साडेसहा म्हणजे इथले अकरा. अकरामध्ये सहा मिळवा."

पलीकडून बटणं दाबल्याचा आवाज आला. बहुधा मिळवत असावा. "सर, तुम्ही म्हणता त्याने पाच येतात, पण—"

"मग झालं तर. तुमच्या पडद्यावर दुरुस्ती करून घ्या. लोकांची पंचाईत होईल."

"बरं काका, पाच," तो म्हणाला.

सर म्हणता म्हणता तो काका म्हणाला, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. थकलेला माणूस म्हाताऱ्याचा नाद सोडतो तेव्हा असं काका म्हणतो. मी वहीत तारीख टाकून लिहिलं, 'कंपनीने चूक मान्य केली.' ती वही आहे अजून. ते पान मी फाडलेलं नाही. आमच्या खात्यात पान फाडायची पद्धत नाही.

ठरलेला दिवस आला. बायको सकाळपासून म्हणत होती, "तासभर आधी जाऊन बसू. तिथे बाकडी असतील." मी तिला समजावलं की आधी जाऊन बसतात ते हिशेब न येणारे लोक. पाचला विमान, साडेपाचला ताई बाहेर, साडेपाच ते साडेसहा तिचा आमचा तास. विमानतळाचा रस्ता पन्नास मिनिटांचा. पंक्चर, सिग्नल, चुकलेलं वळण अशा किरकोळ संकटांसाठी बारा मिनिटं वर. म्हणजे चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी घर सोडायचं.

ताईसाठी काय न्यायचं यावर फार डोकं चालवलं होतं. शेवटी मी ती वही घेतली. म्हटलं, शेजारी बसून तिला दोरा कसा ताणला ते दाखवू. तिला आवडलं असतं. बायकोने थर्मासमध्ये चहा घेतला आणि पिशवीत लोकरीचे हातमोजे. ती विणकाम करते. बऱ्याच वर्षांपूर्वी तिने ताईला एक हिरवी शाल विणून पाठवली होती. शेवटी हिरवी लोकर संपली, म्हणून चार बोटं काठ तपकिरी विणला. त्या काठाची तिला अजून लाज वाटते. मोबाइल मी घरीच ठेवला. रस्त्यात तो वाजतो आणि मग वेळ मोजण्यात अडथळा येतो.

आता सांगायची गोष्ट अशी की त्या दिवशी एकही संकट आलं नाही. चाळीस वर्षांत मी कुठेही निघालो आणि काही झालं नाही असं घडलेलं नाही. त्या दिवशी सगळे सिग्नल हिरवे. टॅक्सीवाला इतका सरळ माणूस की सरळ रस्त्याने नेलं. पाच वाजून अठरा मिनिटांनी आम्ही विमानतळाच्या गाड्यांच्या आवारात उभे होतो. संकटांसाठी राखलेली बारा मिनिटं जशीच्या तशी हातात शिल्लक.

"चला," बायको म्हणाली.

"थांब. बारा मिनिटं आहेत. आत गर्दीत उभं राहण्यापेक्षा इथे चहा पिऊ."

आम्ही टॅक्सीतच बसलो. थर्मासच्या झाकणात बायकोने मला चहा ओतला, टॅक्सीवाल्याला कपात दिला. मी त्याला टेकडीची गोष्ट सांगितली. तो हसला. चांगला हसला. मी गोष्ट जरा लांबवली. दुपारी काय, संध्याकाळी काय, माणसाला आपली गोष्ट ऐकणारा मिळाला की वेळेचं भान राहत नाही, असं म्हणतात. मला होतं. पाच वाजून अठ्ठावीस मिनिटांनी मी गोष्ट आवरती घेतली आणि उतरलो. तिथून दारापर्यंत तीनशे चाळीस पावलं. मी मोजली.

काचेच्या दाराशी रखवालदार उभा होता. बाहेर येणारे आणि आत जाणारे एकाच दाराने, एकाच रांगेत. मी त्याला विचारलं, "परदेशी विमानातून येणारे इथूनच बाहेर येतात ना?"

"इथूनच. तुम्ही बाजूला थांबा, तिकीट असल्याशिवाय आत नाही."

"मला आत जायचंच नाही. पण आत एक बाकडं दिसतंय, मी ज्येष्ठ नागरिक आहे." मी मोजणी खात्याचं जुनं ओळखपत्र काढलं. त्यावर माझा मिशीवाला फोटो आहे.

त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. "हे कोण?"

"मीच."

"मिशी कुठाय?"

आता मिशीचा प्रश्न माझ्या स्वाभिमानाचा होता. ती मी निवृत्तीच्या दिवशी काढली, त्यामागे एक मोठी हकीकत आहे. ती मी त्याला सांगायला लागलो. तेवढ्यात मागून "वाट द्या, वाट द्या" असा आवाज आला. गणवेशातला एक माणूस व्हीलचेअर ढकलत घाईने येत होता. मी मधोमध उभा होतो. खुर्ची माझ्या बाजूने पुढे गेली. मला दिसली ती खुर्चीची पाठ आणि तिच्यावर वाकलेलं एक पांढरं डोकं. कुणीतरी फार लहानशी म्हातारी होती. मी अदबीने दोन पावलं मागे सरलो, रखवालदारालाही हाताने बाजूला केलं आणि म्हणालो, "आधी आजींना जाऊ द्या. त्यांचं विमान असेल."

दार उघडलं, खुर्ची आत गेली, दार मिटलं.

"अहो," बायकोने माझी बाही ओढली. "अहो, ती शाल—"

"थांब जरा, मिशीचं सांगतोय मी यांना."

"खुर्चीच्या चाकाशी काठ लोंबत होता. तपकिरी."

"शाली काय, सगळ्यांकडे असतात."

मी हे वाक्य बोललो. साक्षीला रखवालदार होता.

मग आम्ही उभे राहिलो. पावणेसहा झाले, सहा झाले. मी बाहेर येणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघत होतो. मी शोधत होतो ती उंच, ताठ, कमरेपर्यंत वेणी असलेली. एकोणीस वर्षांपूर्वी गेली ती तशीच परत येणार, हेही मी धरून चाललो होतो. सव्वासहाला बायकोने दारावरच्या दिव्याच्या फलकाकडे बोट दाखवलं. मी इतका वेळ त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. आपल्याला माहीत असलेली गोष्ट कोण वाचतो? ताईच्या शहराचं नाव, आणि पुढे: आलं, चार वाजता.

रखवालदाराला मी काहीच विचारलं नाही. त्यानेच सांगितलं. आता त्याला माझी दया आली असावी. "व्हीलचेअरवाल्या आजी होत्या एक. साडेचारपासून त्या खांबाशी बसल्या होत्या. भाऊ येणारे म्हणत होत्या. त्यांच्या माणसाने दोनतीनदा फोनही लावला, घरी कुणी उचलत नव्हतं. मग त्यांची वेळ झाली. तुम्ही आलात तेव्हाच गेल्या ना आत."

"मला आत सोडा," मी म्हणालो. "दोन मिनिटं."

"काका, आता त्या पार पलीकडे गेल्या. तिथे मलाही सोडत नाहीत."

सात वाजता एक विमान उडालं. कुठलं होतं ते मला माहीत नाही. आम्ही तरीही वर बघितलं.

घरी परतताना टॅक्सीवाला दुसरा होता. त्याला मी काही सांगितलं नाही. इमारतीत शिरलो तर सूचनाफलकावर टाकी धुण्याची सूचना पुन्हा मधोमध आली होती. माझा कागद नव्हता. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या बाईंनी तो नीट घडी घालून मला दिला. तिकडे उन्हाळ्यात सगळा देश घड्याळ एक तास पुढे करतो आणि थंडीत परत मागे घेतो, म्हणजे उन्हाळ्यात आपला फरक तासाने कमी होतो, हे त्यांनी मला दारात उभ्याउभ्या सांगितलं. मी या वेळी मधे बोललो नाही. हवामानवाले दोन दिवसांनी जिन्यात भेटले आणि म्हणाले, "वारा काही नव्हता त्या दिवशी. तुमचं बरोबर होतं." भला माणूस. थाप मारायची सवय नसल्याने त्यांना ती नीट जमली नाही.

पुढच्या रविवारी ताईचा फोन तिच्या नव्या गावाहून आला. मी उचलला आणि तिकडे किती वाजलेत हे विचारलंच नाही. माझ्या बाबतीत असं पूर्वी झालेलं नाही.

"काय रे टेपमास्तर," ती म्हणाली. "बरा आहेस ना? मला वाटलं, पडलास की काय कुठे."

"घड्याळ," मी म्हणालो. "तुझं घड्याळ मी उन्हाळ्यात पुढे करत नव्हतो."

"ते मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"दर उन्हाळ्यात नऊचा फोन तू दहाला करायचास. पहिल्या वर्षीच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू मला समजावून सांगितलं असतंस की आमचा अख्खा देश चुकतोय." ती हसली. "नऊ म्हणजे नऊ. मी आपली नऊपासून फोनजवळ बसायचे. येतो की तू दहाला, न चुकता. विमानतळाचं मात्र माझं चुकलं. म्हटलं, विमानाच्या वेळेला तरी हा कुणाला विचारेल."

मी विचारलं होतं. तो दमलेला मुलगा चार म्हणाला होता. हे मी ताईला सांगितलं नाही.

"पण गावातली माणसं चांगली आहेत हं तुझ्या," ताई पुढे म्हणाली. "परत आत जाताना दाराशी सगळे मधे उभे होते. एका माणसाने सगळ्यांना बाजूला केलं आणि मला वाट करून दिली. मला ऐकू कमी येतं, पण आजी म्हणाला एवढं कळलं. तेवढंच बरं वाटलं जिवाला."

"असतात अशी माणसं," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर मी वही काढली. वर्षातले तीस रविवार उन्हाळी घड्याळाचे धरले. एकोणीस वर्षांचे झाले पाचशे सत्तर तास. एवढा वेळ ताई फोनजवळ बसली होती, माझी वाट बघत, एकेक तास करून. मग सवयीने मी पुढचाही भागाकार केला. सहा तासांचा एक प्रवास धरला तर तेवढ्या वेळात विमान तिच्या शहरातून आमच्या शहरात पंच्याण्णव वेळा आलं असतं.

उत्तर दोनदा तपासलं. गणितात चूक नाही.

बायकोने स्टूल धरलं. मी चढून ताईचं घड्याळ खाली काढलं. तिच्या नव्या गावाचा फरक किती, तिकडे उन्हाळ्यात काय करतात आणि थंडीत काय करतात, ते मला ठाऊक नव्हतं. मी ते घड्याळ काखेत धरलं आणि एक मजला उतरून भूगोलाच्या बाईंच्या दारावर टकटक केली.

"बाई," मी म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगत होतात. पहिल्यापासून सांगा. मी ऐकतो."